काळ्या कपड्यावरची पांढरी पट्टी

पहाटे मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला मोबाइल आता कुणालाच नवा नाही. एक जण त्याच्यापुढून आडवा पळत जातो, धापा टाकत परत येतो आणि वाकून पाहतो: टाच आधी टेकते की चवडा? पाऊल फार पुढे तर पडत नाही? ॲप कंबर, गुडघा आणि घोटा रेघांनी जोडून कोन सांगतं. मोबाइल काल-परवाचा, पण या रेघा 1883च्या आहेत.

हालचाल अशी टिपण्याचं श्रेय सहसा छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजला जातं. 1878 मध्ये पालो आल्टोला लेलँड स्टॅनफर्डच्या घोड्यांच्या फार्मवर त्याने 12 कॅमेरे ओळीने लावले आणि धावत्या घोड्याचे चारही खूर एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात हे दाखवून दिलं. चित्रं सुरेखच. पण आपल्या ॲपचा खरा पूर्वज मला पॅरिसमध्ये दिसतो, एत्येन-ज्यूल मारे हा शरीरशास्त्रज्ञ. (दोघेही 1830 मध्ये जन्मले, दोघेही 1904च्या मे महिन्यात गेले. आद्याक्षरंही तीच!)

मारेला चित्र नको होतं, मोजमाप हवं होतं. आधी त्याने पळणाऱ्याच्या बुटाच्या तळाला हवेची रबरी पोकळी बसवली. पाऊल टेकलं की दाबली गेलेली हवा नळीतून हातातल्या यंत्रापर्यंत जाई आणि कागदावर रेघ उमटे. मग कॅमेरा आला. एकाच काचेवर अनेक क्षण टिपले की हातपाय एकमेकांवर चढून सगळा गिचका होई. त्यावर 1883 मध्ये त्याने काढलेला तोडगा अफलातून होता: माणूसच पुसून टाकायचा. सहाय्यक जॉर्ज देमेनीला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे चढवले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या, सांध्यांवर ठिपके, मागे काळा पडदा. काचेवर उरल्या त्या फक्त पंख्यासारख्या उलगडत गेलेल्या रेघा.

1891 मध्ये लाइपझिगच्या ब्राउने आणि फिशर या संशोधकांनी पट्ट्यांऐवजी चमकणाऱ्या काचनळ्या एका सैनिकाच्या अंगाला बांधून रात्री त्याला चालवलं. चालणं काही पावलांचं, त्यावरची आकडेमोड मात्र वर्षानुवर्षांची. पुढे प्रयोगशाळांत चकाकणारे ठिपके आले आणि खर्चही.

मोबाइल यात शिरला तो वेगाच्या जोरावर. पळताना पाऊल जमिनीवर साधारण पाव सेकंद असतं. सेकंदाला 30 चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात त्याची सात-आठच सापडतात आणि पाय टेकण्याचा नेमका क्षण निसटतो. 2013च्या आयफोन 5एसने 120 चित्रांचा स्लो मोशन खिशात आणला, पुढच्याच वर्षी 240 झाली. म्हणजे त्याच पाव सेकंदाची 60 चित्रं. आता सांधे संगणकच ओळखतो, ठिपका चिकटवावा लागत नाही. दोन आयफोनवर चालणारी ओपनकॅप ही प्रणाली स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली, म्हणजे घोड्यांच्या त्याच फार्मच्या जमिनीवर.

एक गोष्ट मात्र मारेकडून घ्यायची राहून जाते. त्याचा कॅमेरा चाकांवरच्या खोलीत, रुळांवर असे, हवा तेवढा लांब नेता यावा म्हणून. तेव्हा मोबाइल लांब, कंबरेच्या उंचीवर आणि पळण्याच्या रेषेला काटकोनात ठेवा. तिरप्या व्हिडिओतून काढलेला गुडघ्याचा कोन ॲपने दशांशापर्यंत दाखवला तरी तो चुकलेलाच असतो.