अस्थिकर्करोग, मानव व श्वान यांतील
हाडात मूलतः उद्भवणाऱ्या मारक अर्बुदांपैकी ऑस्टिओसार्कोमा हे माणूस व कुत्रा या दोहोंत आढळणारे प्रमुख अर्बुद होय. त्यातील कोशिका अपक्व अस्थिद्रव्य निर्माण करतात. ही संज्ञा फ्रेंच शल्यविशारद आलेक्सी ब्वाये यांनी १८०५ मध्ये वापरली. माणसात हा रोग मुख्यतः किशोरवयात, गुडघ्यालगतच्या हाडांत होतो. कुत्र्यांत तो मोठ्या चणीच्या जातींत, बहुधा पुढच्या पायाच्या मनगटाजवळ वा खांद्याजवळ उद्भवतो. दोहोंतही तो रक्तावाटे फुप्फुसांत पसरतो.

मुंबईत या रोगाच्या दोन्ही रुग्णांशी संबंधित विद्या परळ भागात शेजारी शेजारी वाढल्या. मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले; पुढे उपनगरात, गोरेगावच्या आरे परिसरातही त्याचा विस्तार झाला. परळ येथेच १९२६ मध्ये सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तथापि दोन्ही विद्यांचे अभ्यासक्रम व नियामक संस्था भिन्न राहिल्या.

केवळ अवयवच्छेदन करीत असत त्या काळी सुमारे ८० टक्के रुग्ण दगावत. कारण निदानापूर्वीच फुप्फुसांत सूक्ष्म प्रक्षेप झालेले असत. १९७० नंतरच्या दशकात रासायनी चिकित्सेची जोड मिळाल्यावर, रोग पसरलेला न दिसणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांश वाचू लागले. कुत्र्यांत रोग वेगाने वाढत असल्याने उपचाराचा परिणाम लवकर कळतो. म्हणून अमेरिकेत कोलोरॅडो राज्य विद्यापीठात स्टीव्हन विथ्रो यांनी रोगग्रस्त पाळीव कुत्र्यांवर पाय वाचविणाऱ्या शस्त्रक्रिया विकसित केल्या. ई. ग्रेगरी मॅक्‌यूएन व सहकाऱ्यांनी प्रतिकारशक्ती उद्दीपित करणाऱ्या मिफामुर्टाइड या औषधाचे कुत्र्यांवरील परिणाम १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. २००९ मध्ये यूरोपात ते मानवी उपचारांसाठी मान्य झाले. अमेरिकेत मात्र त्यास मान्यता मिळाली नाही. प्राण्यातील यश माणसात जसेच्या तसे उतरेल असे नाही, हेही यावरून दिसते.

या रोगाचे तौलनिक अध्यापन विकृतिविज्ञानापासून सुरू करता येते. कुत्र्याच्या व किशोराच्या अर्बुदाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा सारखेच दिसतात. लंगडणे व न थांबणारी हाडदुखी ही आरंभीची लक्षणेही समान असतात. खेळताना मार लागला असेल किंवा पाय मुरगळला असेल, असे समजून दोन्ही ठिकाणी वेळ दवडला जातो. अशा वेळी क्ष-किरण चित्र लवकर काढावे, हा धडा वैद्यक व पशुवैद्यक या दोहोंच्या विद्यार्थ्यांस सारखाच महत्त्वाचा आहे.