मूळ संख्यांचा प्रोग्राम ९ ला मूळ का म्हणतो?

प्रोग्राम चालतो, एरर येत नाही, तरी उत्तरात ९ मूळ संख्या म्हणून येते. असं का? नवशिक्यांच्या कोडमध्ये हमखास सापडणारी चूक अशी: २ ने भाग गेला नाही, की लूपमध्येच ‘मूळ आहे’ असा निकाल दिला जातो. ३ ने भागून पाहायची वेळच येत नाही. हा निकाल लूप पूर्ण झाल्यावरच द्या.

आणखी दोन गोष्टी तपासा. १ ही मूळ संख्या नाही. वर्गमुळापर्यंतच भागून पाहत असाल, तर पायथनची रेंज शेवटचा आकडा धरत नाही. २५ तपासताना ५ सुटतो. म्हणून मर्यादेत १ मिळवा.

शेवटी १ ते १०० मधल्या मूळ संख्या मोजा. त्या २५ भरायला हव्यात. कमी-जास्त आल्या, तर प्रोग्राम अजून चुकतोय.