सम्प पंप

हा लेख तळघरातील पाणी उपसणाऱ्या पंपाविषयी आहे. कामगारांच्या काम बंद आंदोलनासाठी पहा: संप.

सम्प पंप हा इमारतीच्या तळघरात पाझरून येणारे पाणी आपोआप बाहेर उपसणारा विद्युत पंप आहे. तळघराच्या जमिनीत सर्वांत खोलगट जागी एक खड्डा केलेला असतो. त्यालाच सम्प किंवा निचराखड्डा म्हणतात. पायाभोवतीचे भूजल व पावसाचे मुरलेले पाणी या खड्ड्यात गोळा होते आणि ठरावीक पातळी गाठताच पंप सुरू होऊन ते घराबाहेर टाकतो. अमेरिका व कॅनडा या देशांत स्वतंत्र घरांखाली तळघर असण्याची पद्धत रूढ असल्याने तेथे हा पंप घरगुती उपकरणांपैकी एक मानला जातो.

सम्प पंप वर्षातील बराच काळ बंद असतो आणि अतिवृष्टीच्या किंवा बर्फ वितळण्याच्या काळात त्याच्यावर एकाएकी पूर्ण भार येतो. त्यामुळे त्यातील दोष बहुधा गरजेच्या वेळीच उघड होतो. वादळात वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यताही याच वेळी सर्वाधिक असते. या कारणांमुळे पंपाच्या निवडीइतकेच महत्त्व त्याच्या नियमित तपासणीला आणि पर्यायी व्यवस्थेला दिले जाते.

नाव

‘सम्प’ हा इंग्रजी शब्द दलदल या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला आहे. पुढे खाणीच्या तळाशी पाणी गोळा करण्यासाठी खणलेल्या खड्ड्याला तो लावला जाऊ लागला. खाणीतील पाणी उपसणे ही जुनी अडचण होती. थॉमस न्यूकोमेन यांचे १७१२ मधील वाफेचे इंजिनही इंग्लंडमधील कोळशाच्या खाणीतून पाणी काढण्यासाठीच उभारले गेले होते. भारतात, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, पिण्याच्या पाण्याच्या भूमिगत टाकीलाही ‘सम्प’ म्हणतात. त्या टाकीतून गच्चीवरील टाकीत पाणी चढवणारा पंप वेगळ्या कामाचा असून तो या लेखाचा विषय नाही.

पार्श्वभूमी

थंड प्रदेशात हिवाळ्यात जमिनीचा वरचा थर गोठून फुगतो. इमारत उचलली जाऊ नये म्हणून पाया या थराच्या खाली न्यावा लागतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ही किमान खोली दक्षिण भागात ४२ इंच (सुमारे १०७ सेंमी) आणि उत्तर भागात ६० इंच (सुमारे १५२ सेंमी) धरली जाते. पायासाठी एवढे खोदकाम करावेच लागत असल्याने आणखी थोडे खोल जाऊन तळघर बांधणे सोयीचे ठरले.

तळघर भूजल पातळीच्या खाली गेले की भिंतींवर व जमिनीवर पाण्याचा दाब येतो. पाण्याची पातळी एक मीटरने वाढली की दाब सुमारे ९.८ किलोपास्कल, म्हणजे प्रति चौरस मीटर जवळजवळ एक टन, इतका वाढतो. एवढ्या दाबाखाली काँक्रीटमधील बारीक भेगांतून व सांध्यांतून पाणी आत येते. भिंतीला आतून जलरोधक लेप दिल्याने हा दाब कमी होत नाही. तो कमी करण्यासाठी पाणी वाहून नेणेच आवश्यक असते.

रचना व कार्य

पायाच्या कडेने खडीच्या थरात सच्छिद्र नळी टाकलेली असते. पायालगतचे पाणी या नळीत शिरून उताराने निचराखड्ड्यात येते. घरगुती खड्डा साधारणपणे ४५ सेंमी व्यासाचा आणि ६० सेंमी किंवा त्याहून अधिक खोल असतो. या व्यवस्थेचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत:

• पंप व मोटर: पंप केंद्रोत्सारी प्रकारचा असतो. मोटरच्या दांड्यावरील पंख्यासारखे चक्र, म्हणजे इंपेलर, वेगाने फिरून पाण्याला वर ढकलते.
• फ्लोट स्विच: पाण्यावर तरंगणारा गोळा पातळीबरोबर वर जातो व स्विच सुरू करतो, पाणी उतरले की तो पंप बंद करतो.
• डिलिव्हरी पाइप: पाणी घराबाहेर नेणारी नळी. तिचा व्यास बहुधा दीड इंच असतो.
• नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह: पंप थांबल्यावर नळीतील पाणी पुन्हा खड्ड्यात येऊ न देणारी एकदिशा झडप.
• हवा सुटण्याचे छिद्र: पंप व झडप यांच्यामधील नळीवर खड्ड्याच्या आत पाडलेले सुमारे ३ मिमीचे छिद्र. ते नसल्यास इंपेलरभोवती हवा अडकून मोटर फिरत राहते, पण पाणी वर चढत नाही. पंप चालू असताना या छिद्रातून बारीक धार उडणे हा दोष नव्हे.
• झाकण: खड्ड्यात कचरा पडू नये, लहान मुले पडू नयेत आणि आर्द्रता पसरू नये यासाठी आवश्यक. जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येणाऱ्या भागांत झाकण हवाबंद ठेवतात.

प्रकार

स्तंभ पंप: यात मोटर खड्ड्याच्या वर उभ्या दांड्यावर असते आणि केवळ पंपाचा भाग पाण्यात राहतो. मोटर कोरडी राहत असल्याने हा पंप दीर्घकाळ टिकतो व दुरुस्तीस सोपा असतो. मात्र त्याचा आवाज अधिक येतो आणि खड्ड्यावर पूर्ण झाकण बसवणे अवघड जाते.

पाणबुडी पंप: मोटर व पंप एकत्र, पाणी न शिरणाऱ्या आवरणात बंद असतात. भोवतालच्या पाण्यामुळे मोटर थंड राहते आणि आवाज कमी येतो. याचे आयुष्य साधारणतः ७ ते १० वर्षे धरले जाते. वापर व पाण्याची प्रत यांनुसार ते कमी-अधिक होते.

क्षमता

घरगुती पंप बहुधा १/३ किंवा १/२ अश्वशक्तीचे असतात. पंप किती पाणी देईल हे ते किती उंच चढवायचे आणि नळीला किती वळणे आहेत यांवर अवलंबून असते. त्यामुळे पंपावर छापलेला शून्य उंचीचा आकडा फसवा ठरू शकतो. प्रत्यक्ष उंचीला मिळणारा प्रवाह उत्पादकाच्या आलेखावरून पाहावा लागतो.

खड्ड्यात येणाऱ्या पाण्याचा वेग मोजण्याची सोपी रीत अशी: जोराच्या पावसात पंप मिनिटभर बंद ठेवून पातळी किती सेंटीमीटर चढते ते पाहतात. ४५ सेंमी व्यासाच्या खड्ड्यात प्रत्येक सेंटीमीटर म्हणजे सुमारे १.६ लिटर पाणी होय. मिनिटात १० सेंमी चढ झाल्यास आवक मिनिटाला सुमारे १६ लिटर ठरते. गरजेपेक्षा फार मोठा पंपही हिताचा नसतो. तो खड्डा क्षणात रिकामा करतो आणि वारंवार चालू-बंद झाल्याने स्विच व मोटर लवकर झिजतात.

देखभाल

सर्वसाधारणपणे दर तीन-चार महिन्यांनी चाचणी आणि वर्षातून एकदा पूर्ण सफाई केली जाते. सफाई पावसाळी किंवा बर्फ वितळण्याच्या हंगामापूर्वी करणे इष्ट असते.

चाचणीसाठी खड्ड्यात बादलीने पाणी ओततात. पंप स्वतःहून सुरू झाला पाहिजे, पाणी बाहेर पडले पाहिजे आणि पातळी उतरताच पंप थांबला पाहिजे. नळीचे बाहेरचे तोंडही याच वेळी पाहतात, कारण मोटरचा आवाज येतो म्हणजे पाणी बाहेर जातेच असे नाही.

वार्षिक सफाईत वीज तोडून पंप बाहेर काढतात, तळाची जाळी धुतात आणि खड्ड्यातील गाळ, वाळू व खडे उपसतात. लोहयुक्त भूजलाच्या प्रदेशात लोहजीवाणूंमुळे नारिंगी चिकट थर साचतो. तो जाळी, स्विच व झडप तिन्ही जाम करू शकत असल्याने तेथे सफाई अधिक वेळा करावी लागते. पाणबुडी पंप खड्ड्याच्या तळावर थेट न ठेवता विटेवर किंवा फरशीवर ठेवल्यास गाळ कमी ओढला जातो.

बिघाड व दुरुस्ती

पाण्याजवळ विजेचे काम असल्याने कोणत्याही दुरुस्तीपूर्वी प्लग काढणे अनिवार्य आहे. तळघरात पाणी साचलेले असल्यास आणि ते सॉकेट किंवा वायरपर्यंत पोहोचले असल्यास पाण्यात उतरू नये. मुख्य वीजपुरवठा कोरड्या जागेतून बंद करता येत नसल्यास विद्युत कंपनीस कळवावे. पंपाच्या जोडणीला अर्थिंग आणि गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे साधन आवश्यक असते. असे साधन पडल्यामुळेही पंप बंद राहतो, म्हणून तपासणी तेथून सुरू करतात.

• पंप सुरू होत नाही: वीजपुरवठा असूनही पंप बंद असल्यास फ्लोट खड्ड्याच्या भिंतीला किंवा वायरीला अडकला आहे का ते पाहतात. अनेक पंपांत स्विचचा प्लग वेगळा असून मोटरचा प्लग त्याच्या पाठीत बसतो. मोटर थेट जोडल्यावर चालली, तर दोष स्विचमध्ये असतो आणि केवळ स्विच बदलून काम भागते.
• मोटर गुणगुणते पण फिरत नाही: इंपेलरमध्ये खडा अडकलेला असतो किंवा मोटर निकामी होत आलेली असते.
• मोटर चालते पण पाणी जात नाही: हवेचे छिद्र बुजणे, झडप उलटी बसणे, नळी तुंबणे किंवा हिवाळ्यात ती गोठणे ही कारणे संभवतात.
• पंप सतत चालू-बंद होतो: झडप निकामी होऊन तेच पाणी परत येत असते किंवा बाहेर टाकलेले पाणी पायाशीच मुरून पुन्हा आत येत असते.
• थांबताना धक्क्याचा आवाज येतो: झडप जोराने मिटत असते, स्प्रिंग असलेली झडप बसवल्यास आवाज कमी होतो.

बेअरिंगची घरघर, पाण्यावर तेलाचा तवंग आणि वारंवार फ्यूज उडणे ही मोटर किंवा सील निकामी झाल्याची लक्षणे आहेत. बंद आवरणाच्या लहान पंपात ही दुरुस्ती उत्तर अमेरिकेत परवडत नसल्याने तेथे पंपच बदलतात. भारतात मात्र मोटरचे वाइंडिंग पुन्हा भरून देणारी दुकाने गावोगावी असल्याने दुरुस्तीकडे कल असतो.

पंप बदलणे

१. वीज तोडून व नळीतील पाणी सांडू देऊन झडपेजवळची जोडणी सोडवतात आणि जुना पंप काढतात. पंप वायरीने न उचलता त्याच्या मुठीने उचलतात.
२. खड्डा साफ करून तळ समतल करतात.
३. नव्या पंपाला नळी जोडून हवेचे छिद्र आहे याची खात्री करतात.
४. झडप बाणाची दिशा वर ठेवून बसवतात. पुढील दुरुस्तीसाठी नळी कापावी लागू नये म्हणून सुटी होणारी जोडणी वापरतात.
५. फ्लोट कोठेही न अडता पूर्ण वर-खाली होतो का ते तपासतात.
६. बादलीने पाणी ओतून पंप किमान दोन-तीन फेऱ्या चालवून पाहतात.

जुना पंप चालू स्थितीत असला तरी आयुर्मान संपत आल्यावर तो कोरड्या ऋतूत बदलणे श्रेयस्कर मानले जाते.

पर्यायी व्यवस्था

वीज गेल्यास उपयोगी पडावा म्हणून दुसरा, बॅटरीवर चालणारा पंप मुख्य पंपापेक्षा थोड्या वरच्या पातळीवर बसवतात. मुख्य पंप यांत्रिक बिघाडाने थांबला तरी हा पंप सुरू होतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १.२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. ४०० वॉटचा भार ती तत्त्वतः सलग तीन तास आणि प्रत्यक्षात त्याहून कमी वेळ पेलते. बॅटरी जुनी झाली की ही मुदत आणखी घटते, म्हणून तिचीही चाचणी घ्यावी लागते.

नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारे पंपही मिळतात. त्यांना वीज लागत नाही, पण पिण्याचे पाणी खर्च होते आणि खड्ड्यातील पाणी नळात परत शिरू नये यासाठी संरक्षक झडप लागते. स्वतःच्या विहिरीवर अवलंबून असलेल्या घरांत त्यांचा उपयोग नसतो, कारण वीज गेली की विहिरीचा पंपही थांबतो. पातळी धोक्याच्या रेषेवर जाताच वाजणारी घंटा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पाण्याचा निचरा

उपसलेले पाणी पायापासून किमान तीन मीटर दूर, उताराच्या दिशेने व शेजाऱ्याच्या जागेत न जाईल असे सोडतात. ते सांडपाण्याच्या गटारात सोडण्यास अमेरिका व कॅनडातील अनेक नगरपालिकांची मनाई आहे. पावसात हजारो घरांचे स्वच्छ पाणी गटारात आल्यास मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची क्षमता ओलांडली जाऊन मैला नद्यांत किंवा घरांत उलटतो.

मर्यादा

सम्प पंप पाझरणाऱ्या पाण्यासाठी असतो, पुरासाठी नव्हे. रस्त्यावरील पाणी जिन्यातून किंवा खिडकीतून आत आल्यास त्याचा वेग पंपाच्या क्षमतेच्या कितीतरी पट असतो. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच (८० मिमी) पाऊस पडला. त्या शहरातील १३ मृतांपैकी ११ जण तळघरातील घरांत मरण पावले. दिल्लीतील जुने राजिंदर नगर येथे २७ जुलै २०२४ रोजी तळघरातील अभ्यासिकेत रस्त्याचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी पंपाची वाट न पाहता तळघर तत्काळ सोडणे हाच उपाय असतो.

भारतातील वापर

भारतात स्वतंत्र घरांना तळघर क्वचितच असते. पण मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत बहुमजली इमारतींच्या वाहनतळांसाठी खोल तळघरे बांधली जातात. दख्खनच्या बेसाल्ट खडकात भूजल मुख्यतः सांधे व भेगांतून वाहते, त्यामुळे पावसाळ्यात अशा तळघरांत पाझर वाढतो. तेथे निचराखड्ड्यात सहसा दोन पंप बसवून ते आळीपाळीने चालवतात, जेणेकरून एक बंद पडल्यास दुसरा उपलब्ध राहील. व्यवहारात त्यांना ‘डीवॉटरिंग पंप’ म्हणतात. गृहनिर्माण संस्थांत त्यांची तपासणी मोसमी पावसापूर्वी, मे महिन्यात, करणे सोयीचे असते.

हे सुद्धा पहा

• केंद्रोत्सारी पंप
• भूजल
• तळघर
• जलनिस्सारण