आतकूरचा दगड आणि दारातले कुत्रे

म्हैसुरास बदलून आलेला मराठी माणूस पहिल्या रविवारी चामुंडीची टेकडी चढतो, दुसऱ्या रविवारी श्रीरंगपट्टण पाहतो आणि तिसऱ्या रविवारी वृंदावन उद्यानातील कारंजी. पुढे काय पाहावे असे मला कोणी विचारले, तर मी एका दगडाचे नाव घेतो. बंगळूरच्या शासकीय संग्रहालयाने जतन केलेला हा शिलालेख मूळचा आतकूर गावचा. आतकूर आज मंड्या जिल्ह्यात मोडते. १९३९ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते म्हैसूर जिल्ह्यातच होते. दगडावर एक कुत्रे आणि एक रानडुक्कर एकमेकांना भिडलेले कोरले आहेत, आणि सोबत जुन्या कानडीतील लेख आहे.

लेख शके ८७२ चा, म्हणजे इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा. मान्यखेटचा राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या रणांगणावर चोळ राजपुत्र राजादित्य याचा पाडाव केला, तो हा काळ. कृष्णाच्या बाजूने गंग राजा दुसरा बूतुग लढला, आणि बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. त्याच्या पराक्रमावर संतुष्ट होऊन राजाने त्याला हवे ते मागण्यास सांगितले. मणलेराने काय मागितले? राजाजवळचे ‘काळी’ नावाचे कुत्रे! पुढे त्या कुत्र्याची एका मोठ्या रानडुकराशी गाठ पडली. झुंजीत दोन्ही प्राणी मेले. त्या कुत्र्यासाठी आतकूरच्या चल्लेश्वराच्या देवळासमोर हा दगड उभारण्यात आला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन तोडून देण्यात आली. त्या जमिनीची व्यवस्था पाहणारा गोरव, म्हणजे शैव पुजारी, दगडाची पूजा न करता जेवील तर त्या कुत्र्याचे पाप त्याच्या माथी येईल, अशी तंबीही लेखात आहे.

तक्कोलमच्या लढाईचा काळ ज्या मोजक्या साधनांवरून ठरतो, त्यांत हा दगड महत्त्वाचा मानला जातो. एका सम्राटाच्या विजयाची तारीख आपण एका कुत्र्याच्या वीरगळावरून वाचतो, ही गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे. तथापि आज या दगडाची आठवण झाली ती वेगळ्या कारणाने. आमच्या शेजारी नुकत्याच बदलून आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने परवा मला विचारले, “काका, गल्लीतले ते तांबूस कुत्रे घरी ठेवावे म्हणतो. पण त्याची जात काही कळत नाही. ठेवावे का?” त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. पण त्यातला ‘जात’ हा मुद्दा इतिहासात फार अलीकडचा आहे, हे त्याला सांगावेसे वाटले. आणि ते सविस्तर सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मणलेराने कुत्रे मागितले तेव्हा त्याने काय पाहिले असेल? शिलालेखात आहे ते कुत्र्याचे नाव आणि त्याचे कृत्य. आपल्याकडेही हीच रीत दिसते. रायगडावरील वाघ्याच्या कथेला समकालीन आधार सापडत नाही, म्हणून ती बाजूला ठेवू. पण साताऱ्याजवळ संगम माहुलीस छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचविले, असे परंपरा सांगते. खंड्याचे कूळ कोणी विचारीत नाही. त्याचे इमान तेवढे सांगतात. जुन्या लोकांना कुत्र्यांतील भेद कळत नव्हते असे मात्र नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘सारमेयविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. परंतु तेथे भेद होता तो प्रदेशाचा आणि कामाचा. वंशावळीच्या नोंदवहीचा नव्हे.

ती नोंदवही आली इंग्लंडातून. कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले आणि १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. शुद्ध रक्त, ठरावीक ठेवण, ठरावीक रंग हे शब्द त्यानंतर साहेबाच्या बंगल्यातून आपल्या छावण्यांत आणि तेथून आपल्या मनांत शिरले. देशी कुत्र्याला ‘पराया’ हे हलकेपणाचे नाव इंग्रजीतूनच चिकटले. पुढे ज्यांना आपण शुद्ध म्हणू लागलो त्यांचाही इतिहास मिश्रच आहे. मुधोळचे शिकारी कुत्रे घ्या. परदेशांतून दक्षिणेत आलेल्या चपळ कुत्र्यांचा येथील कुत्र्यांशी संकर होऊन हा वंश घडला असे मानतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तो निगुतीने जोपासला, २००५ साली तो टपाल तिकिटावर आला आणि २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी दाखल झाला. म्हणजे कालचा संकर आज जात म्हणून मिरवतो. मध्ये असते ती माणसाची निवड आणि निगा.

विज्ञानही आता त्याच दिशेने बोलू लागले आहे. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी बसेन्जी व कॉकर स्पॅनियल या दोन जातींचा संकर करून पिढ्यान्‌पिढ्या पिल्लांचा स्वभाव तपासला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. स्वभावात आनुवंशाचा वाटा आहे हे त्यांनी दाखविलेच. पण पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचे असताना त्याला माणसाचा सहवास मिळाला की नाही, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते, हेही दाखविले. १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कुत्र्याकुत्र्यांच्या वर्तनातील फरकापैकी अवघा सुमारे ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो असे आढळले. तात्पर्य, “निम्मा अल्सेशियन आहे, म्हणून राखण करील” हे भाकीत फार कच्चे. म्हैसूरच्याच यादवगिरीत घर बांधून राहिलेल्या आर. के. नारायण यांनी ‘अटिला’ या कथेत हीच गंमत केली आहे. राखणीसाठी आणलेले हे दांडगे कुत्रे चोराशीच मैत्री करते.

आरोग्याविषयी दोन टोकाच्या समजुती आढळतात. एक, मिश्र कुत्रे म्हणजे रोगांचे घर. दुसरी, मिश्र कुत्र्याला काहीच होत नाही. दोन्ही चुकीच्या. कॅलिफोर्नियातील पशुवैद्यकांनी २०१३ साली २४ आनुवंशिक विकारांची तुलना केली. १० विकार शुद्ध जातींत अधिक आढळले, १३ दोहोंत सारखेच आणि एक, गुडघ्याचा स्नायुबंध तुटण्याचा, मिश्र कुत्र्यांत अधिक. मिश्र रक्ताचा काही लाभ आहे. पण ते अभयपत्र नव्हे. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याचे खरे शत्रू निराळे: गोचीडतापाचे जंतू, लूत, जंत, डिस्टेंपर, पार्व्हो आणि या सर्वांच्या वर रेबीज.

रेबीजचा इतिहास या भागाला जवळचा आहे. १९०० साली कसौलीस पाश्चर संस्था निघाली. परंतु दक्षिणेतून तेथे पोहोचेपर्यंत रोग्याचा वेळ निघून जाई. म्हणून १९०७ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे दक्षिणेची पाश्चर संस्था उभी राहिली. मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लशीची पोटात घ्यावयाची ती सुप्रसिद्ध इंजेक्शने आमच्या पिढीने भीतीने ऐकली आहेत. ती लस आपल्या देशात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली आणि आता दंडात मोजक्या सुया पुरतात. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र आजही उपाय जवळजवळ नाहीच. म्हणून चावा लागताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. आणि घरात येणाऱ्या कुत्र्याला पहिली लस टोचावी ती हीच. पुढे ती दरवर्षी चुकवू नये. कुत्र्याच्या कानाला खाच दिसली तर त्याची नसबंदी झाली आहे असे समजावे. पण त्यावरून यंदाची लस झाली असे समजू नये.

आता माझाच अनुभव सांगतो. नोकरीत असताना एका गावी मी चार्ज घेतला. यादीत पंखे, खुर्च्या, कपाटे, पाण्याचे पिंप सारे होते. क्वार्टरच्या पायरीवर बसलेले कुत्रे नव्हते. आधीचे गृहस्थ ते मागे सोडून गेले होते. कान अल्सेशियनचे, बाकी अंग गावठी. पहिले चार दिवस ते इतके शांत होते की आम्ही त्याला गरीब स्वभावाचे ठरविले. ती शांतता स्वभावाची नव्हती, तापाची होती. हिरड्या पांढऱ्या पडल्या तेव्हा आम्हांला जाग आली. पशुवैद्यांनी रक्त तपासून गोचीडताप सांगितला आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे दिल्या. बरे झाल्यावर त्याचा खरा स्वभाव दिसला: माणसांवर जीव, पण हातात काठी दिसली की दात. त्या काठीमागे काहीतरी इतिहास असावा. तो आम्हांला कधीच कळला नाही. आम्ही काठ्या तेवढ्या घरात आत ठेवू लागलो.

म्हणून त्या तरुण अधिकाऱ्याला मी एवढेच सांगितले. प्रथम प्रकृती, मग स्वभाव. पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावे. घरात दुसरे कुत्रे असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळे ठेवावे, कारण डिस्टेंपर आधी अंगात दडून बसतो. स्वभाव पहिल्या दिवशी ठरवू नये. खाताना कोणी जवळ गेले तर ते काय करते, फटाक्याच्या आवाजाला काय करते, मुलाच्या धावण्याला काय करते, हे तीन-चार आठवडे पाहावे. आणि तोवर त्याला मुलांपाशी एकटे सोडू नये. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला, फुलवालीला विचारावे. कुत्र्याची खरी गोपनीय नोंद त्यांच्याजवळ असते. त्याने कोणाला खरोखर चावे घेतले असतील, तर दयेच्या भरात ते लहान मुलांच्या घरात आणू नये.

शेवटचा प्रश्न कुत्र्याच्या नव्हे, आपल्या स्वभावाचा आहे. मोकाट कुत्र्यांविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकलेली आहे. बदलीच्या नोकरीतील आपणा लोकांना हे कलम अधिक लागू पडते. हुकूम येतो, सामान बांधले जाते, ट्रकमध्ये तुळशीच्या कुंडीलाही जागा होते आणि फाटकाशी एक प्राणी उभा राहतो. ज्याला त्या दिवसाची तजवीज आज करता येत नाही, त्याने कुत्रे घेऊ नये. गल्लीत त्याला लस टोचून, दोन घास घालून ठेवणे हेही पुण्यच आहे.

तो तरुण विचार करतो म्हणाला. काल संध्याकाळी तो पट्टा विकत घेऊन आला, आणि “रेल्वेत कुत्रे न्यायचे नियम काय आहेत हो, काका?” म्हणून विचारून गेला. मला बरे वाटले. हजार वर्षांपूर्वी आतकूरच्या गोरवाला जी तंबी मिळाली, तिचा अर्थ एवढाच नव्हता काय? त्याचे आधी, मग आपले जेवण.