रोगविशिष्ट अर्थसाहाय्य आणि आरोग्यव्यवस्था

रोगविशिष्ट अर्थसाहाय्य म्हणजे विकसनशील देशांना एखाद्या ठरावीक रोगाच्या नियंत्रणासाठी किंवा निर्मूलनासाठी मिळणारी आंतरराष्ट्रीय मदत होय. असे कार्यक्रम स्वतंत्र निधी, कर्मचारी व औषधपुरवठा घेऊन वरपासून खालपर्यंत चालतात. म्हणून त्यांना ‘उभे’ कार्यक्रम म्हणतात. याउलट सर्व आजारांसाठी असलेले दवाखाने, परिचारिका, प्रयोगशाळा व औषधसाठा यांची व्यवस्था बळकट करणाऱ्या कार्यक्रमांना ‘आडवे’ अशी संज्ञा आहे. मर्यादित निधी या दोहोंत कसा वाटावा, हा सार्वजनिक आरोग्यातील जुना वाद आहे.

इतिहास

जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ मध्ये हिवताप निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. भारतात १९५० च्या दशकाच्या प्रारंभी हिवतापाचे वर्षाला अंदाजे साडेसात कोटी रुग्ण होते. डीडीटी फवारणीमुळे १९६५ पर्यंत ही संख्या सुमारे एक लाखावर आली. मात्र त्यानंतर रुग्ण शोधून उपचार करण्याचे काम ज्या मूलभूत आरोग्यसेवेकडे जाणार होते, ती अनेक भागांत दुबळी होती. डासांमध्ये कीटकनाशकाविरुद्ध प्रतिकारशक्तीही निर्माण झाली. परिणामी १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. देवीच्या रोगाचे मात्र उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये घोषित झाले. या रोगावर परिणामकारक लस उपलब्ध होती व रुग्ण ओळखणे सोपे होते.

१९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. या विचारास बळ देणाऱ्या प्रयोगांत रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या जामखेड (महाराष्ट्र) येथील प्रकल्पाचा समावेश होतो. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, वॉल्श व वॉरन यांनी कमी खर्चाच्या मोजक्या उपायांवर भर देणारी ‘निवडक प्राथमिक आरोग्यसेवा’ मांडली.

नवे निधी

लसीकरणासाठी गावी (२०००), एड्स, क्षयरोग व हिवतापासाठी ग्लोबल फंड (२००२) आणि एचआयव्हीसाठी अमेरिकेचा पेपफार (२००३) हे उपक्रम सुरू झाल्यावर रोगविशिष्ट मदत मोठ्या प्रमाणात वाढली. आफ्रिकेतील लक्षावधी एचआयव्हीबाधितांपर्यंत औषधे पोहोचली. निश्चित उद्दिष्ट व मोजता येणारे फलित यांमुळे देणगीदारांचा अशा मदतीकडे ओढा असतो.

आक्षेप

जास्त वेतनामुळे शासकीय सेवेतील डॉक्टर व परिचारिका प्रकल्पांकडे वळतात, प्रत्येक देणगीदारासाठी वेगळे अहवाल लिहावे लागतात आणि प्रसूती, अतिसार, न्यूमोनिया यांसारख्या गरजा मागे पडतात, असे टीकाकार म्हणतात. २०१४–१६ मध्ये गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन येथील इबोलाच्या साथीत ११,००० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तेथील सर्वसाधारण आरोग्यव्यवस्थेचा दुबळेपणा त्यातून जगासमोर आला.

समन्वयाचे प्रयत्न

मलावीने २००४ पासून राबवलेल्या आणीबाणीच्या मनुष्यबळ कार्यक्रमात ब्रिटनच्या मदतीबरोबरच ग्लोबल फंडाचा पैसाही वापरला. आरोग्यसेवकांना ५२ टक्के वेतनपूरक रक्कम देण्यात आली व प्रशिक्षणाच्या जागा वाढवण्यात आल्या. रोगविशिष्ट निधीतून संपूर्ण व्यवस्था उभारण्याच्या अशा पद्धतीस ‘तिरकस’ दृष्टिकोन म्हणतात. मेक्सिकोचे माजी आरोग्यमंत्री हुलिओ फ्रेंक हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होत.

सद्यःस्थिती

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी विकास साहाय्य स्थगित केल्यावर अनेक देशांतील एचआयव्ही सेवा विस्कळीत झाल्या. बाहेरच्या निधीवर चालणारी सेवा स्वदेशाच्या अर्थसंकल्पात व नियमित दवाखान्यांत सामावून घेणे, हा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा झाला आहे.