संरोध प्राचले
(झेड-प्राचले). दोन द्वारांच्या रेषीय विद्युत् जालाचे वर्तन, आतील जोडणी न उघडता, सांगणाऱ्या चार राशी, एकक ओहम. जालात स्वतंत्र उद्गम नसावा. प्रत्येक द्वारावरील दाब म्हणजे दोन्ही द्वारांतून आत शिरणाऱ्या प्रवाहांच्या ठरावीक पटींची बेरीज. त्या पटी हीच प्राचले. ती काढताना एक द्वार खुले ठेवून दुसऱ्यातून प्रवाह सोडतात. टी-जालात हे फार स्पष्ट दिसते : आडवे रोध 10 व 20 ओहम आणि मधला उभा रोध 30 ओहम असल्यास द्वारांची स्वतःची प्राचले 40 व 50, तर परस्पर प्राचले दोन्ही 30 ओहम येतात. ट्रँझिस्टर प्रवर्धकात परस्पर प्राचले समान नसतात. आदर्श रोहित्राला तर झेड-प्राचलेच नसतात. अतिउच्च कंप्रतेला द्वार खऱ्या अर्थाने खुले ठेवणे अवघड, म्हणून तेथे प्रकीर्णन प्राचले वापरतात.