ग्रंथालयातील मोफत इंटरनेट आणि त्याचे बिल

१/ ८ फेब्रुवारी १९९६. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर स्वाक्षरी केली. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत आज विनामूल्य इंटरनेट मिळते, त्यामागे या कायद्याच्या कलम २५४ चा मोठा आधार आहे. वाचक पैसे देत नाही. मग देते कोण? #थ्रेड

२/ प्रश्न जुनाच आहे. अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेत सोळाशेहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींसाठी देणग्या दिल्या. पण अट घालून. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या १० टक्के रक्कम दरवर्षी करातून ग्रंथालयासाठी खर्चायची. वास्तू दात्याची, संसार गावाचा.

३/ १९९७ मध्ये बिल गेट्स यांनी गरीब वस्त्यांतील ग्रंथालयांना संगणक देण्यासाठी २० कोटी डॉलर जाहीर केले. परंतु पुस्तक एकदा विकत घेतले की झाले. इंटरनेटचे बिल दरमहा येते. दानातून यंत्र मिळाले, तरी जोडणीचा खर्च उरतोच.

४/ तो भार कलम २५४ ने हलका केला. दुर्गम भागातही परवडणारा टेलिफोन पोहोचावा, हे ‘सार्वत्रिक सेवे’चे जुने तत्त्व या कलमाने शाळा आणि ग्रंथालयांपर्यंत विस्तारले. ही योजना ‘ई-रेट’ म्हणून ओळखली जाते.

५/ सवलत २० ते ९० टक्के. परिसर जितका गरीब, तितकी सवलत अधिक. आरंभी वार्षिक मर्यादा २ अब्ज २५ कोटी डॉलर होती. हा पैसा सरकारी तिजोरीतून येत नाही. दूरसंचार कंपन्या तो देतात आणि ग्राहकांच्या बिलातून वसूल करतात. विरोधकांनी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या नावाने त्याला ‘गोर कर’ म्हणून हिणवले.

६/ पैशामागोमाग अट आली. डिसेंबर २००० च्या कायद्यानुसार इंटरनेट जोडणीवर सवलत हवी असेल, तर ग्रंथालयाने संगणकांवर अश्लील चित्रे रोखणारी गाळणी बसवणे बंधनकारक झाले. अशी गाळणी आरोग्यविषयक निरुपद्रवी पानेही अडवते, असा ग्रंथपालांचा आक्षेप होता.

७/ अमेरिकन लायब्ररी असोसिएशन न्यायालयात गेली. २००२ मध्ये ती जिंकली. पण २३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी कायदा वैध ठरवला. प्रौढ वाचकाने मागणी केल्यास गाळणी हटवता येते, हा युक्तिवाद निर्णायक ठरला.

८/ काही ग्रंथालयांनी सवलतच नाकारली. मात्र ज्याला ९० टक्के सवलत मिळते, त्याला ती नाकारणे सर्वांत कठीण. म्हणजे नकाराचे स्वातंत्र्यही सधन गावांच्याच वाट्याला अधिक आले.

९/ पुढे या निधीच्या वैधतेलाच आव्हान मिळाले. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवला.

१०/ कार्नेगींची अट गावाला खर्चाची जबाबदारी देणारी होती. २००० ची अट वाचकाने काय पाहावे, हे ठरवणारी. म्हणून ग्रंथालयाला पैसा कोण देतो, याइतकेच तो कोणत्या अटीवर देतो, हेही तपासले पाहिजे. (समाप्त)